पाटीचा डोंगर आणि आमचे जावई

(मंडळाच्या रविवारच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला परवा सांगितले, "तुम्ही विलायतेला जाऊन आलात, तर तिकडच्या चार गमतीजमती सांगा." मी म्हटले, मी सातवी शिकलेली बाई. माइकपुढे कधी उभी राहिले नाही. मी काय बोलणार? त्यावर त्या म्हणाल्या, "ओट्यापाशी उभ्या राहून आम्हांला सांगता तसेच सांगा." तेव्हा तसेच सांगते. चुकले तर पदरात घ्या.

एक आधीच सांगून टाकते. राजवाडा, मोठाली दुकाने, पूल यांतले मी काही पाहिले नाही. मँचेस्टरला विमानातून उतरले ती थेट मोटारीत बसून डोंगरात गेले. लेकीचे पहिले बाळंतपण होते. २०२३ च्या जानेवारीअखेर गेले आणि जूनमध्ये परत आले. या पाच महिन्यांत मी घर, बाळंतिणीची खोली आणि समोरची एक बंद पडलेली खाण एवढेच पाहिले. पण त्या खाणीने मला जेवढे जागवले तेवढे बाळानेसुद्धा नाही. म्हणून आज तिचीच हकीकत सांगणार आहे.

ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा देश आहे. त्याच्या उत्तरेला डोंगराळ मुलखात लॅनबेरिस हे गाव. हे नाव मी आपल्यासारखे उच्चारले. त्यांचे पहिले अक्षर जिभेच्या कडेने वारा सोडून म्हणायचे असते, ते मला शेवटपर्यंत जमले नाही. गावातली माणसे आपसांत इंग्रजी नव्हे, स्वतःची वेल्श भाषा बोलतात. शेजारची म्हातारी माझ्याशी वेल्शमध्ये बोले, मी तिच्याशी मराठीत बोले, आणि बाळाचे कौतुक दोघींनाही समजे.

लेकीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळे दिसते. तळ्यापलीकडे एलिडिर नावाचा डोंगर आहे आणि त्या डोंगराला खालपासून जवळजवळ माथ्यापर्यंत पायऱ्या आहेत. पहिल्या दिवशी मला वाटले, केवढा हा घाट बांधला! एखाद्या देवीचे ठाणे असेल वर. लेक हसली. म्हणाली, "आई, त्यातली एकेक पायरी पाच-सहा मजल्यांएवढी उंच आहे. माणसांनी डोंगर कापून नेला, त्याच्या त्या खुणा." रंग जांभळट करडा. पाऊस पडला की सबंध डोंगर नुकत्या पुसलेल्या पाटीसारखा चकाके. आणि तो पाटीचाच डोंगर होता. लहानपणी ज्या पाटीवर आपण श्री गणेशा गिरवला, थुंकीने पुसली म्हणून गुरुजींचा मार खाल्ला, त्याच जातीचा दगड. तिकडे तो मुख्यतः घरांच्या छपरांना लागे.

खाणीचे नाव डिनॉर्विग. १७८७ साली तिथे मोठ्या प्रमाणावर काम सुरू झाले. भर जोरात होती तेव्हा तीन हजारांवर माणसे तिथे राबत. तेवढ्याच मुलखात पेनरिन म्हणून आणखी एक खाण आहे, ती हिच्याहून मोठी. बाकी जगात या दोघींएवढी तिसरी नव्हती म्हणतात. १९६९ च्या ऑगस्टमध्ये डिनॉर्विग बंद पडली आणि तीनशेहून अधिक माणसे एकदम घरी बसली. खाणीचे जुने कारखाने होते तिथे १९७२ साली संग्रहालय झाले. जावयांनी मला ते दाखवायला नेले.

तिथे एका कारागिराने दगड फोडून दाखवला. मला वाटले होते घणाचे घाव घालील. त्याने मांडीवर दगड टेकवला, पातळ छिन्नी कडेला ठेवली आणि लाकडी हातोडीने हलकेच टकटक केले. दगड उघडला, अगदी वही उघडावी तसा. मग त्या अर्ध्याचा अर्धा, त्याचाही अर्धा. चिरोट्याला पदर सुटावेत तसे त्या दगडाला पदर सुटतात. फार फार पूर्वीचा समुद्रातला चिखल जमिनीखाली दाबला जाऊन असा झाला, असे जावयांनी सांगितले. हे पदर लक्षात ठेवा. पुढे सगळे रामायण या पदरांमुळेच आहे.

छपराच्या पाट्यांना मापाप्रमाणे नावे होती, आणि ती बायकांची. चोवीस इंच बाय बारा ती डचेस, वीस बाय दहा ती काउंटेस, सोळा बाय आठ ती लेडी. सगळ्यांत मोठ्या त्या राण्या. घरावरचे छप्पर कोण सांभाळते हे त्या पुरुषांनाही कळत असावे, असे मी मनात म्हटले.

संग्रहालयात खाणकामगारांच्या घरांची एक ओळ आहे. मूळ दुसऱ्या गावातली ती ओळ दगड दगड काढून इथे आणून पुन्हा उभी केली आहे. एक घर १८६१ सालासारखे मांडलेले, एक १९०१ सालासारखे, एक १९६९ सालासारखे. मी यंत्रे पाहिली, पन्नास फुटी पाणचक्की पाहिली, पण खरा वेळ घालवला तो या तीन घरांत. चूल कुठे, पाणी कुठे, धुणे कुठे वाळे, पोरे कुठे झोपत, हे पाहत होते. १९०१ चे घर म्हणजे पेनरिनच्या संपातले घर. १९०० ते १९०३ अशी तीन वर्षे तो संप चालला. या घरात फितूर कोणी नाही, अशा अर्थाची पाटी लोकांनी घराच्या खिडकीत लावली होती. तीन वर्षे चूल कशी पेटवली असेल, हे त्या बायाच जाणोत.

आणखी एक गोष्ट तिथेच कळली, ती तुम्हांला सांगितल्याशिवाय राहवत नाही. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन माणसे खोकून खोकून मरत. पण जुन्या काळी खाणीच्या डॉक्टरांनी सरकारी चौकशीत काय सांगावे? धुळीने काही होत नाही, ही माणसे उकळून उकळून कडू केलेला चहा पितात त्याने प्रकृती बिघडते! म्हणजे दोष शेवटी चहा करणारीच्या माथी. धुळीच्या रोगाची भरपाई देणारा कायदा झाला तो १९७९ साली, खाण बंद पडून दहा वर्षे झाल्यावर.

धूळ सावकाश मारी, दगड पटकन मारी. कड्यावर काम करणारा माणूस मांडीला साखळीचा वेढा घेऊन लोंबकळत असे आणि तसाच पहारीने दगड सुटा करी. खाणीचे स्वतःचे इस्पितळ १८६० साली गावातच बांधले होते, यावरून काय ते समजा. सुरुंग उडवण्यापूर्वी इशारा होई आणि माणसे जाड दगडी भिंतींच्या खोपटांत शिरत. ती खोपटी अजून उभी आहेत. एवढे करूनही १९६६ साली खाणीच्या गॅरेट नावाच्या भागात कडाच्या कडा खचला. काम जवळजवळ थांबले आणि नंतर तीन वर्षांत खाणीला कायमचे टाळे लागले. म्हणजे जो डोंगर कसलेल्या खाणकामगारांनाही आवरला नाही, तो हा.

आता आमच्या जावयांकडे येते.

जावई स्वभावाने गरीब, इस्पितळात नोकरीला, रात्रपाळ्या करून दमलेले. मी गेल्यावर पहिल्याच रविवारी पाहिले तर दाराशी दोराचे वेटोळे, एका पिशवीत लोखंडी कड्या, एका लहानग्या पिशवीत पांढरी पूड. मी विचारले, "जावईबापू, हे काय?" म्हणाले, "आई, चढायला चाललो." मला वाटले, डोंगर चढायला. आपल्याकडे मुले गड चढतात तसे. मी थालीपिठांचा डबा करून दिला. महिनाभर मी दर रविवारी डबा करून देत होते आणि हे कुठे चढतात हे मला ठाऊक नव्हते. लेकीने मुद्दाम सांगितले नव्हते. बाळंतपण जवळ आलेले, आई घाबरेल म्हणून.

खाण बंद पडली तेव्हा ते काळे उभे कडे तसेच राहिले. डोंगराच्या पोटात पुढे वीजघर झाले. १९७४ साली काम सुरू झाले, १९८४ साली ते चालू झाले. वरच्या तळ्यातले पाणी खाली सोडून वीज करतात आणि रात्री तेच पाणी वर चढवतात. बाहेरचे कडे मात्र रिकामे. १९८० नंतर तिथे तरुण मुले येऊ लागली. तेव्हा तिकडे नोकऱ्यांची टंचाई होती, पण दगड भरपूर होते. त्या मुलांनी कड्यावरच्या एकेका वाटेला नावे दिली. स्टीव्ही हेस्टन नावाच्या गृहस्थांनी १९८१ साली एक वाट चढून काढली, जॉनी डॉज यांनी १९८६ साली दुसरी. त्या दुसऱ्या वाटेचे नाव ठेवले 'क्वारीमन', म्हणजे खाणकामगार. ते नाव मला आवडले. वाट म्हणजे तरी काय? आरशासारखा उभा दगड आणि त्यावर नाण्याच्या कडेएवढ्या कपारी. घट्ट रबरी बूट घालून त्या कपारीवर बोटे टेकायची, हाताला घाम येतो म्हणून पांढरी पूड लावायची. दगडाला भोके पाडून बोल्ट बसवलेले असतात, त्यांत कडीने दोर अडकवत वर जायचे. खाली जोडीदार दोर धरून उभा असतो. वरचा सुटला तर दोराने लटकतो.

हे मी आज शहाण्यासारखे सांगते आहे. तेव्हा मला काही माहीत नव्हते.

फेब्रुवारीत नात झाली. सव्वा महिना झाल्यावर, एप्रिलच्या आरंभी, बाळाला बाहेर काढायचे ठरले. ऊन छान होते. लेक म्हणाली, "चल आई, खाणीतून एक पायवाट जाते, बाबागाडी घेऊन थोडे जाऊ. हेही तिथेच असतील." पायवाट सगळ्यांना मोकळी आहे, पण तिच्या दोन्ही अंगांना तारेचे कुंपण. कुंपणावर पाटी, आधी वेल्श, मग इंग्रजी. लेकीने वाचली: धोका आहे, आत जाऊ नये. त्या पाटीपासून दहा पावलांवर तारेला माणूस वाकून जाईल एवढे भगदाड. आणि पलीकडे कड्यावर, पाटीवर लिहिलेल्या एखाद्या लहान अक्षरासारखा, लाल टोपी घातलेला माणूस. ते आमचे जावई.

मी बोलू शकले नाही. बाबागाडीची दांडी घट्ट धरून उभी राहिले. एवढी उंची, पण ते अगदी सावकाश, रांगोळीचा ठिपका ठेवावा तसा एकेक पाय ठेवत होते. खरे सांगते, क्षणभर मला ते सुंदर वाटले.

मग वरच्या पायरीवर बकऱ्या आल्या. त्या खाणीत रानटी झालेल्या बकऱ्या आहेत, दाढीवाल्या. त्यांतली एक कडेने चालली. आधी चार खडे आले. मग कोणी तरी ओरडले. आणि आपल्या मसाला वाटायच्या पाट्याएवढी एक कपची कड्यावरून सुटली, हवेत गरगर फिरली आणि खाली आपटली. फटाक्यांच्या माळेसारखा आवाज होऊन तिचे तुकडे तुकडे झाले. आवाज त्या खड्ड्यात कितीतरी वेळ घुमत राहिला. बाळ दचकून रडू लागले. ते माझ्या पथ्यावर पडले, कारण मला कडेवर घ्यायला काही तरी मिळाले.

कोणाला लागले नाही. दोर धरणारा जोडीदार कड्याच्या सरळ खाली न उभा राहता बाजूला, दगडाला लागून उभा होता. तशीच शिस्त आहे म्हणे. पिशव्या मात्र खाली होत्या. माझा स्टीलचा डबा चेपला. तो डबा अजून लेकीच्या फडताळात आहे. मी तो टाकू दिला नाही.

त्या रात्री मी जेवण वाढले पण बोलले नाही. जावई माणूस, त्याला रागावायचे तरी कसे? शेवटी तेच भांडी घासायला आले आणि म्हणाले, "आई, बोला. न बोललात तर मला झोप यायची नाही." मग आम्ही ओट्यापाशी बसलो ते बारा वाजेपर्यंत.

मी पहिले विचारले, "हा दगड इतका सुटतो का? आपल्या गडांचे कडे शेकडो वर्षे उभे आहेत." त्यांनी फार चांगले समजावले. म्हणाले, आपोआप झालेला कडा हजारो वर्षे ऊनपाऊस खात उभा असतो. जे सुटायचे ते बरेचसे केव्हाच सुटून गेलेले असते. खाणीचा कडा सुरुंगाने केलेला. सुरुंगाने आतपर्यंत भेगा पडलेल्या, वर तिरके पदर. भेगेत पाणी जाते, थंडीत त्याचा बर्फ होतो, बर्फ पाण्याहून जास्त जागा घेतो, पाचर ठोकावी तशी भेग रुंदावते. बर्फ वितळला की दगडाला धरून ठेवणारे काही उरत नाही. म्हणून कडाक्याच्या थंडीनंतर आणि मोठ्या पावसानंतर धोका अधिक. आणि गंमत अशी की हा दगड वरून फार लवकर वाळतो, म्हणून पाऊस थांबल्याबरोबर सगळे तिकडेच धावतात. वरून वाळलेला, आत ओला.

मला लगेच समजले. जुन्या घराची भिंत बसलेली असते, नव्या भिंतीला तडे जातात. हा डोंगर अजून बसायचा आहे. सुरुंगाच्या वेळी निदान इशारा होत असे. बर्फ काही इशारा देत नाही.

मग मी बोल्टचे विचारले. ते म्हणाले, बोल्ट पक्का असतो, पण ज्या दगडात बसवला तो सबंध ठोकळाच पोकळ असेल तर? म्हणून आधी ठोकून आवाज ऐकतात, बद्द वाजला तर हात लावत नाहीत. दोरही कडेवर घासू देत नाहीत, कारण या दगडाची कड विळीसारखी असते. हे सारे त्यांना ठाऊक होते. मला नुसता अडाण्यासारखा राग आला होता, आणि समोरचा माणूस अडाणी नव्हता. अशा वेळी भांडणे फार अवघड असते, बायांनो.

मग मी मुद्द्यावर आले. "त्या कुंपणाच्या आत जायला परवानगी कोणाची?"

थोडा वेळ ते ताटली पुसत राहिले. मग म्हणाले, "त्या भागात कोणाचीच नाही."

प्रकार असा आहे. खाणीचा एक भाग सरकारी उद्यानात येतो. त्यातच विव्हियन नावाचा एक खड्डा आहे, पाणी भरलेला. तिथे लोक उघड्यावर, जाणायेणाऱ्यांच्या देखत चढतात. बाकीचा मोठा भाग वीजघराच्या मालकीचा. तिथे कुंपण, पाट्या, मज्जाव. तरी लोक चाळीसएक वर्षे आत जातच आहेत. त्या देशात दुसऱ्याच्या जमिनीत नुसते पाऊल टाकले म्हणून बहुतेक ठिकाणी पोलीस धरून नेत नाहीत. मालक निघून जा म्हणू शकतो, कोर्टात जाऊ शकतो. पण १९८४ साली तिथे असा कायदा झाला की, न बोलावता आलेल्या माणसालाही आपल्या जागेतल्या धोक्याने इजा होऊ नये याची थोडीफार काळजी मालकाने घेतली पाहिजे. म्हणजे मालकानेही काय करावे? कुंपण घातले तर लोक तार कापतात, काढले तर उद्या अपघाताचा ठपका यायचा. चढणाऱ्यांची ब्रिटिश माउंटनीअरिंग कौन्सिल म्हणून मोठी संस्था आहे, १९४४ साली निघालेली. ती अशा मालकांशी बोलणी करते. तिने आपल्या लोकांना छापूनच सांगितले आहे की या छंदात इजा आणि मरणही आहे, ते समजून उमजून ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर यावे.

मला मालकाचेही पटले. आमच्या माहेरी अंगणात विहीर होती, आणि गावातली पोरे उड्या टाकायला येत. माझी आजी त्यांना शिव्याही देई आणि दर पावसाळ्यापूर्वी कठड्याचे दगडही बसवून घेई. कोणी बुडाले असते तर लोक पोराला नव्हे, आजीला बोलले असते.

आणि जावयाचेही पटले, हीच पंचाईत. मी म्हटले, "एवढे कशाला जाता मग?" तर ते म्हणाले, "आई, इस्पितळातून येतो तेव्हा डोक्यात दहा रोग्यांचे चेहरे असतात. तिथे दोन तास डोक्यात फक्त पुढचा पाय असतो." यावर काय बोलणार? डोक्यात फक्त पुढचा पाय असलेले दोन तास आपल्याला कुठे मिळतात, असा विचार माझ्याही मनात येऊन गेला.

शेवटी मला एक गोष्ट सुचली, आणि ती त्यांना लागली. लॅनबेरिसमध्ये डोंगरात अडकलेल्यांना सोडवणारे एक पथक आहे. सगळे स्वयंसेवक, एक पैसा घेत नाहीत. फोन आला की ताटावरून उठून जातात. मी म्हटले, "तुम्ही तुमच्या जबाबदारीवर जाता, ठीक. पण तुम्ही पडलात तर तुम्हांला उचलायला ती माणसे येणार. ती कुठे उभी राहणार? त्याच सुट्या दगडाखाली. त्यांच्या घरीही कोणी तरी डबा भरून दिलेला असेल."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग आमचा करार झाला. कडाक्याची थंडी आणि मोठा पाऊस यांनंतर जायचे नाही. जाताना फ्रिजवर कागद लावायचा: कुठे, कोणाबरोबर, किती वाजेपर्यंत. उतरल्यावर फोन करायचा, मी भारतात असले तरी. ठरलेल्या वेळेनंतर तासभर वाट पाहून लेकीने पथकाला बोलवायचे, भीड धरायची नाही. कुंपणाच्या आत कधीच जाऊ नका, असे मी मागितले, पण ते त्यांनी दिले नाही. "खोटे वचन देणार नाही, आई," असे म्हणाले. त्याबद्दल मी त्यांना मानते. शेवटी एवढे कबूल केले की, बाळ चालायला लागेपर्यंत त्या भागात पाऊल टाकणार नाही, उद्यानातल्या विव्हियनच्याच कड्यावर जाईन.

इतके सांगून थांबले असते, पण आपल्या आळीमागे टेकडीच्या पलीकडे खडीची खाण आहे, आणि तीही बंद आहे. मी परत आले त्याच पावसाळ्यात, २०२३ साली, आपल्याच आळीतला एक मुलगा तिथे चढताना पडून पायाचे हाड मोडून घेऊन आला. तेव्हा आपण सगळ्या जणी म्हणालो, कुंपण घाला, पाटी लावा. मीही म्हणते, घालाच. नगरपालिकेकडे पाठवायचा अर्ज तिथे टेबलावर आहे, त्यावर सह्या करूनच घरी जा. पण भगदाड दहा पावलांवर पडणार, हे मी डोळ्यांनी पाहून आले आहे. म्हणून दिवाळीनंतर मी आळीतल्या दोन मोठ्या मुलांना लाडू दिले आणि म्हटले, चला, कुठे चढता ते मला दाखवा. आधी लाजली, मग दाखवले. आपला काळा दगड पाटीसारखा पदरांनी सुटत नाही, ठोकळ्यांनी सुटतो. मधे मधे लाल मातीचा, मुरमाचा थर आहे. पावसाने तो झिजला की वरचा धोंडा अधांतरी राहतो. मुले नेमकी त्या धोंड्याखाली सावली म्हणून बसतात. खाली पाणी किती खोल आहे हे कोणालाच माहीत नाही. आईला न सांगता येतात, कारण सांगितले तर आई मारते, असे एकाने मला सांगितले. कोणाचा मुलगा ते मी सांगणार नाही, त्याला शब्द दिला आहे. त्या धोंड्याखाली बसायचे नाही, एवढे मात्र मी त्यांच्याकडून कबूल करून घेतले. पुढचे आपण सगळ्यांनी बसून ठरवायचे आहे.

बोलणे लांबले. आता एकच. मंडळाच्या नियमाप्रमाणे सभेत फोन बंद ठेवायचा असतो. मी चिटणीसबाईंना विचारून माझा इथे टेबलावर चालू ठेवला आहे. आज रविवार. नात गेल्या महिन्यात चालायला लागली, फोनवर सगळ्यांना दाखवलेच आहे मी. सकाळी लेकीने कळवले की फ्रिजवर कागद लागला आहे आणि त्यावर चारची वेळ आहे. जागा कोणती लिहिली आहे ते तिने कळवले नाही, मीही विचारले नाही. तिथले चार म्हणजे हल्ली आपले रात्रीचे साडेआठ. अजून अवकाश आहे. चहा झाल्यावर मी जरा दाराजवळच्या खुर्चीवर बसेन, फोन वाजला तर मधूनच उठून जाईन, राग मानू नका.